करडा कोट कुणी कुणाला दिला

जरा दारामागे बघा. खुंटीवर. हो, मीच बोलतोय.

मी एक करडा कोट आहे. चार बटणांचा, निळसर अस्तराचा, डाव्या कोपरावर थोडा विरलेला. मी एकदा हरवलो होतो आणि चार महिन्यांनी सापडलो. ती हकिकत जो तो आपापल्या परीनं सांगतो. कुणी काही गाळतो, कुणी पदरचं काही घालतो. मी तर सगळ्या प्रकाराच्या मधोमध होतो. म्हटलं, एकदा आपणही सांगून टाकावी.

मला शिवलं एका म्हाताऱ्या शिंप्यानं, आपल्या मुलासाठी. मुलाला बस डेपोत टाइमकीपरची नोकरी लागली होती. कुठली गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली, ते लिहायचं काम. "पहाटे उघड्यावर उभं राहायचं, तर अंगावर काहीतरी धड हवं," असं म्हणून म्हाताऱ्यानं मला हातात घेतलं. तेव्हा त्याला सुईत दोरा ओवायलाही सुनेला हाक मारावी लागायची. शेवटी कॉलरच्या आतल्या बाजूला त्यानं गडद निळ्या दोऱ्याचे सात टाके घातले आणि म्हणाला, "ही माझी सही." पुढच्याच वर्षी तो गेला. म्हणजे मुलासाठी मी नुसता कोट राहिलो नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

टाइमकीपर एका मनगटावर स्वतःचं आणि दुसऱ्यावर डेपोचं घड्याळ बांधायचा. दोन्हींत तीन मिनिटांचा फरक. कुणी हसलं तर म्हणायचा, "दोन्ही चूक असतील. पण खरी वेळ यांच्याच आसपास कुठंतरी असणार ना?"

डेपोपासून दोन गल्ल्या सोडून एक लाँड्री होती. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणायचे, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. त्या लाँड्रीत पावती नव्हती, चिठ्ठी नव्हती, कपड्यावर खूण नव्हती. काकूंचं डोकं होतं. "कागद हरवतो, मी हरवत नाही," असं त्या छातीठोकपणे सांगायच्या आणि ते खरंही होतं. एकदा एक गिऱ्हाईक दीड वर्षानं उगवलं. त्यानं तोंड उघडायच्या आत काकूंनी त्याची पँट पुढे ठेवली आणि वर विचारलं, "गुडघा कसा आहे आता?"

त्यांची युक्ती मी कितीदा तरी ऐकली आहे. "नाव लक्षात ठेवायला गेलं की नाव पळतं. माणसात काहीतरी खटकणारं शोधायचं आणि ते कपड्याला बांधून टाकायचं." मग चौकड्यांचा शर्ट म्हणजे दर वाक्यानंतर शिंकणारे गृहस्थ, जांभळी शाल म्हणजे दारातूनच भांडत येणाऱ्या बाई. मी म्हणजे 'दोन घड्याळं'.

आतल्या खोलीत इस्त्रीला मामा होते. एकोणीस वर्षं तिथंच. बोलणं फार कमी. इस्त्री फिरवण्याआधी प्रत्येक कपडा एकदा झटकायचे आणि त्याला म्हणायचे, "चल, सरळ हो." बस. काकूंशी दिवसभरात दहा वाक्यं होत असतील-नसतील, पण दुपारचा चहा दोघांचा एकाच वेळी, दोन स्टुलांवर बसून.

एकदा माझं अस्तर उसवलं. मामांनी मला हातावर टाकलं आणि मागच्या दारानं रफूवाल्याकडे नेलं. बाहेर भुरभुर पाऊस होता, म्हणून त्यांनी मला स्वेटरच्या आत धरलं. "भिजेल हो तो," काकू मागून ओरडल्या. "नाही भिजत," मामा म्हणाले. संध्याकाळी मी परत आलो. एवढीशीच गोष्ट, पण ती लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका गुरुवारी दुपारी, मी धुऊन, इस्त्री होऊन गल्ल्याजवळच्या फळीवर पडलो होतो. लख्ख ऊन होतं. काकू मला हँगरवर चढवणार तेवढ्यात फोन वाजला. त्यांची लेक दुसऱ्या गावी दवाखान्यात होती, बाळंतपणाला. जावयाचा आवाज मलाही ऐकू येत होता. ती अडली होती, पोटावर शस्त्रक्रिया करावी लागणार होती.

"डॉक्टर काय म्हणाले?" काकू विचारत होत्या. "ते राहू द्या. डॉक्टर काय म्हणाले ते सांगा आधी."

त्याच वेळी एक उंच, किडकिडीत गृहस्थ दुकानात आले. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, केसांत खडूची भुकटी. "काकू, माझा करडा कोट झाला का?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मी शपथेवर सांगतो, त्यांचे डोळे सरांच्या तोंडावर होते आणि त्यांना सर दिसत नव्हते. फोन कान आणि खांदा यांच्यात दाबलेला. हात आपोआप फळीवर फिरला, त्याला मी लागलो आणि हातानं मला उचलून पुढे केलं. हाताला द्यायची सवय होती. डोकं दवाखान्याच्या दारात उभं होतं.

सर मला घेऊन गेले. मी ओरडलो असतो, पण कोट कशानं ओरडणार?

सर लबाड होते असं मात्र समजू नका. कोट धुवायला टाकायचा, टाकायचा, असं ते पंधरा दिवस मनात घोकत होते. इतकं घोकलं, की टाकला असंच त्यांना वाटायला लागलं. प्रत्यक्षात त्यांचा कोट भलतीकडेच होता.

घरी त्यांच्या बायकोनं मला त्यांच्या अंगावर पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "खांद्यात ढगळ दिसतोय."

"धुतला की सैल पडतो गं."

"लोकरीचा कपडा धुतला की आटतो."

"मग मी आटलो असेन," सर म्हणाले आणि जेवायला बसले.

चार महिने मी त्यांच्या अंगावर होतो. माणूस चांगला. पण मला रोज वाटायचं, डेपोत तो काय घालून उभा असेल?

इकडे लाँड्रीत काय झालं, ते मला परत आल्यावर कळलं. शनिवारी टाइमकीपर आला. काकू खुशीत होत्या. लेक आणि नात दोघी सुखरूप होत्या. "दोन घड्याळं," असं म्हणत त्यांनी दांडीकडे हात नेला. मी नव्हतो. त्यांनी कपाट पाहिलं, गाठोडी सोडली, इस्त्रीच्या टेबलाखाली वाकून पाहिलं. मग त्या क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या. अडलं की त्या तसंच करायच्या. आणि डोळ्यांपुढे चित्र आलं: मामा मला हातावर टाकून मागच्या दारानं चाललेत.

"मामा, परवा तुम्ही रफूला नेलात ना कोट?"

"परवा? मला नाही आठवत."

बघा. "नाही नेला" असं ते म्हणाले नाहीत. जे खरं होतं तेवढंच बोलले, आणि तेच त्यांच्या अंगाशी आलं.

रफूवाला म्हणाला, माझ्याकडे आला नाही. टाइमकीपर रोज संध्याकाळी येऊन नुसता उभा राहायचा. ओरडला असता तर बरं झालं असतं. एक दिवस एवढंच म्हणाला, "बाबांनी शिवलेला तेवढाच राहिला होता हो." काकूंना ते लागलं. त्या पुन्हा पुन्हा ते चित्र आठवायला लागल्या आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला लागल्या. आधी "मामांनी नेला वाटतं." चार दिवसांनी "मामांनीच नेला." आठवड्यानं त्यात भुरभुर पाऊस आला. "स्वेटरच्या आत धरून नेला, मी म्हटलंसुद्धा, भिजेल हो तो." त्या गुरुवारी कडकडीत ऊन होतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. चित्र जितकं घासलं तितकं लख्ख झालं, आणि लख्ख दिसतं ते खोटं कसं असेल?

त्या खोटं बोलत नव्हत्या. हेच सांगायला मला फार अवघड जातं. त्यांनी जे पाहिलं होतं तेच त्या सांगत होत्या, फक्त दिवस दुसरा होता.

शेवटी एकदा दुकान भरलेलं असताना त्यांचा तोल सुटला. "चोर नाही म्हणत मी तुम्हाला! कुठंतरी ठेवून विसरलात, एवढं कबूल करा. माझ्या डोळ्यांसमोर नेलात."

मामा इस्त्री हातात धरून उभे होते. म्हणाले, "नेला असेन."

"असेन काय?"

"नेला. तुम्ही म्हणताय म्हणजे नेलाच."

कारण मामांचाही काकूंच्या डोक्यावर स्वतःच्या डोक्यापेक्षा जास्त भरवसा होता. आणि विचारून विचारून त्यांनाही आता दिसायला लागलं होतं: हातावर कोट, मागचं दार, पाऊस. दिसत होतं ते खरंच घडलेलं होतं, फक्त त्या गुरुवारी नाही. पण मनातल्या चित्राच्या कोपऱ्यात तारीख कुठं लिहिलेली असते?

त्या दिवसापासून गिऱ्हाइकं मामांकडून आलेले कपडे उलटसुलट करून बघायला लागली. महिनाअखेर मामांनी काम सोडलं. काकूंनी अडवलं नाही. चहाच्या वेळी एकच स्टूल बाहेर यायला लागलं.

आता पुन्हा सरांकडे येतो. थंडी सरत आली होती. एके दिवशी त्यांनी वर्गात खेळ काढला. मुलांना सांगितलं, "सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा आणि मला न बघता माझं चित्र काढा. बघू, कुणाला काय आठवतं."

मुलं खूश. अर्ध्या तासानं सरांनी कागद गोळा केले आणि एकेक दाखवायला लागले. कुणी मिशी लावली होती, सरांना मिशी नव्हती. कुणी चष्मा गोल केला होता. सर हसत होते. "बघितलंत? आपल्या डोक्यात फोटो नसतो. आठवायला बसलं की डोकं दर वेळी नव्यानं चित्र काढतं. थोडं पाहिलेलं असतं, उरलेलं ते आपल्या मनानं भरतं. आता या कोटाचंच बघा. याला बटणं किती? चार. आणि तुम्ही किती काढलीत? तीन. हिनं तीन, यानं तीन..."

ते कागद उलटत गेले आणि आवाज बारीक होत गेला. ज्यांनी बटणं काढली होती त्या एकूण एक मुलांनी तीनच काढली होती.

"सर," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आधी तीनच होती."

"कधी आधी?"

"मागच्या वर्षी. मधलं लोंबत होतं. तुमचा तास असला की मी बघायचे, आज पडतंय का म्हणून."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. मिशी एकानं चुकवली, चष्मा दुसऱ्यानं चुकवला, पण सगळ्यांनी मिळून एकच चूक कशी केली? त्यांनी मला अंगातून काढलं, टेबलावर पसरलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. कॉलर उलटली. निळ्या दोऱ्याचे सात टाके.

मधल्या सुट्टीत सरांच्या सांगण्यावरून शाळेच्या शिपायानं स्टाफरूमचं जुनं कपाट उघडलं. नकाशांच्या गुंडाळ्यांमागे एक करडा कोट होता. तीन बटणांचा, मधलं लोंबणारं.

त्याच दुपारी सर मला घेऊन लाँड्रीत गेले. काकूंनी मला पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप माझ्या कॉलरकडे गेला. टाके पाहिले. "मामांनी तुम्हाला दिला का हा?"

"मामा कोण? तुम्हीच दिलात."

"शक्यच नाही."

"काकू, तुम्ही फोनवर होतात. सारखं विचारत होतात, डॉक्टर काय म्हणाले. मला वाटलं, घरात काहीतरी वाईट झालंय, म्हणून मी काही न बोलता गेलो."

काकू स्टुलावर बसल्या. तो फोन त्यांना अक्षरन् अक्षर आठवत होता. जावई कुठल्या शब्दावर अडखळला, दारात कुठली रिक्षा वळत होती, सगळं. सर आठवत नव्हते. मी आठवत नव्हतो. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा मिटले. तिथं काही नव्हतंच. मन तिथं नव्हतं, तर साठवणार कोण?

"अजूनही मला मामाच दिसतात हो," त्या म्हणाल्या. "आत्तासुद्धा. मग मी काय करू?"

सरांनी मला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

काकूंनी दुकानाला कुलूप लावलं. भर दुपारी, कधी नव्हे ते. मला हातावर टाकलं आणि मामांच्या घरी गेल्या. दार मामींनी उघडलं. मला पाहिलं आणि बाजूला झाल्या, पण "या" म्हणाल्या नाहीत.

मामा खाटेवर बसले होते. काकू उभ्याउभ्याच म्हणाल्या, "तुम्ही नेला नव्हतात. मीच दिला, दुसऱ्याला. माझ्या हातानं."

मामा मला बघत राहिले. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी माझ्या बाहीवर हात ठेवला आणि विचारलं, "म्हणजे मी हरवला नाही?"

"नाही."

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

काकूंना कळेना. मग मामींनीच सांगितलं. मामांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी घरच्यांना ओळखेनासे झाले होते. सुरुवात अशीच झाली होती, वस्तू ठेवून विसरण्यापासून. "चार महिने हे रोज रफूवाल्याकडे जातात. त्याला विचारतात, मी इथं कोट ठेवलाय का? तो बिचारा रोज नाही म्हणतो. मी सांगत होते, तुम्ही नेला नाहीत. तर म्हणायचे, मला दिसतोय गं हातावर. रात्रंदिवस हा माणूस स्वतःच्या डोक्याला भीत बसलाय, आणि तुम्ही आज येताय?"

काकूंनी खाली मान घातली. "माझं चुकलं."

"चारचौघांत बोललात. आता चारचौघांतच सांगा," मामी म्हणाल्या. "इथं येऊन गुपचूप नको."

"अगं, पुरे," मामा म्हणाले.

"नाही, त्यांचं बरोबर आहे," काकू म्हणाल्या.

आणि त्यांनी सांगितलं. पुढचे आठ दिवस टाइमकीपर बाहेरगावी होता आणि मी दांडीवर टांगलेला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काकू माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "मी मामांवर नाही ते खापर फोडलं. दिला मीच होता." काही जण म्हणायचे, जाऊ द्या हो, होतं असं. काकू म्हणायच्या, "होतं, म्हणूनच सांगतेय." त्याच आठवड्यात दुकानात चिठ्ठ्यांचं पुस्तक आलं. पहिली चिठ्ठी त्यांनी मला टाचली.

मामा मात्र परत आले नाहीत. एका दवाखान्याच्या धुलाईघरात त्यांना काम लागलं होतं, चादरी आणि डॉक्टरांचे डगले. "तिथं सगळं पांढरंच आहे, त्यामुळे कुणाचं काय ते विचारत नाहीत," ते म्हणाले. काकूंनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते नाही म्हणाले, चिडून नाही, पण नाहीच. काही गोष्टी माफ होतात, तरी पूर्वीसारख्या होत नाहीत.

पण टाइमकीपर येणार त्या रविवारी मामा सकाळीच आले. स्वतः इस्त्री तापवली. मला झटकलं आणि म्हणाले, "चल, सरळ हो." इतक्या हळू इस्त्री फिरवली की एका बाहीला एरवीच्या पाच बाह्यांचा वेळ लागला. काकू दारात उभ्या होत्या. टाइमकीपर आला तेव्हा मामांनीच मला त्याच्या हातात दिलं. त्यानं कॉलरच्या आत बोट फिरवलं, टाके मोजले आणि मामांचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

आता मी जुना झालोय. टाइमकीपर यंदा निवृत्त होतोय. त्याच्या लेकीनं मला टाकायचा विषय दोनदा काढला आणि दोनदा शिव्या खाल्ल्या. फार दिवस नाहीत माझे, काज फाटलेत, कोपर आता रफूही धरत नाही. त्याबद्दल तक्रार नाही. कोटानं विरायचंच असतं.

एक मागणं मात्र आहे. तुमच्याही मनात असा एखादा माणूस असेल. भाऊ, मैत्रीण, जुना शेजारी. अमुक एक गोष्ट त्यानंच केली, हे तुम्हाला डोळ्यांपुढे स्वच्छ दिसतं आणि म्हणून कित्येक वर्षं तुम्ही त्याच्याशी बोलला नसाल. तुमचं बरोबरही असेल, मी नाही म्हणत नाही. पण एकदा जाऊन त्याला विचारा, तुला त्या दिवसाचं काय आठवतं? आणि त्याचं सांगून होईपर्यंत मधे बोलू नका.

तो म्हातारा झाला असेल, तर जरा लवकर जा.